स्वमताचे पत्र आणि वाचकाचे उत्तर

मनुष्याला मत असणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि ते चारचौघांत बोलून दाखविणे हीही फारशी दुर्मीळ गोष्ट नव्हे; परंतु आपले मत स्वतःच्या नावानिशी लिहून काढावे, स्वतःच्या जोखमीवर नियमाने प्रसिद्ध करावे, आणि ज्याला ते मान्य नसेल त्याने उलट लिहावे म्हणून त्याच पत्रात त्याच्यासाठी जागा राखून ठेवावी, हा उद्योग पत्करणारी माणसे कोणत्याही काळी थोडीच असतात. मराठी मुलुखात अशी माणसे सुमारे दोनशे वर्षे एकामागून एक पुढे येत राहिली. त्यांपैकी काहींच्या मागे संस्था होत्या, काहींच्या मागे चळवळी होत्या, आणि कित्येकांच्या मागे वर्गणीदारांच्या यादीवाचून दुसरे काहीही नव्हते. प्रस्तुत संग्रह या माणसांच्या पत्रांविषयी आहे, आणि ज्यांना आज असे पत्र काढावेसे वाटते त्यांच्यासाठी आहे. या विषयात जो नवखा आहे त्याच्या हाती प्रारंभीच या सर्व प्रदेशाचा नकाशा असावा, एवढ्याच हेतूने ही प्रस्तावना थोडी विस्ताराने लिहीत आहे.

हा विषय कडेगावात बसून लिहावा, असे वाटण्यास सबळ कारण आहे. कृष्णाकाठचा बागायती पट्टा आणि पूर्वेकडील दुष्काळी मुलूख यांच्या सांध्यावर वसलेले हे गाव पूर्वी खानापूर तालुक्यात मोडत असे. २००२ साली ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले. या तालुक्यातील शेतकऱ्याच्या तोंडी आज टेंभूचे नाव सदैव असते, कारण कऱ्हाडनजीकच्या टेंभू येथे उचललेले कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून कडेगाव, खानापूर, आटपाडी या भागांकडे नेणाऱ्या योजनेवर त्याचा ऊस आणि त्याची द्राक्षबाग अवलंबून असते. आवर्तन केव्हा सुटणार, पाणीपट्टी कोणी किती भरायची, शेवटच्या टोकाच्या शिवारापर्यंत पाणी का पोहोचत नाही, याची चर्चा पारावर अखंड चालते. त्याच टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. ज्योतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. बाबासाहेब आंबेडकरांनी शालेय शिक्षणाचा आरंभ केला तो साताऱ्यात. केशव सीताराम ठाकरे यांचे 'प्रबोधन' काही काळ निघाले ते साताऱ्याजवळील पाडळीहून. आणि 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' या मासिकांचा छापखाना होता तो आमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीत. ज्या टापूला इतका वारसा लाभला, त्या टापूत मतप्रदर्शनाचे काम केवळ पारावरच्या गप्पांवर आणि निवडणुकीच्या फलकांवर सोपवून द्यावे, हे मनाला पटत नाही.

मराठीत या परंपरेचा आरंभ ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या 'दर्पण'पासून मानण्यात येतो, आणि ते योग्यच आहे. बाळशास्त्री जांभेकर त्या वेळी विशीतले तरुण होते. इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ शेजारीशेजारी चालविणाऱ्या त्या पत्राने राज्यकर्ते आणि रयत यांना एकाच पानावर आणले. 'दर्पण' १८४० साली बंद पडले. पुढल्याच वर्षी भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' निघाले, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने जी सर्वांत महत्त्वाची घटना म्हणावयाची ती या 'प्रभाकरा'त घडली. १८४८ ते १८५० या काळात गोपाळ हरि देशमुख यांनी 'लोकहितवादी' या नावाने त्या पत्रात शंभरावर पत्रे लिहिली, आणि मराठी वैचारिक गद्याचा पाया ज्या लेखनाने घातला असे आपण अभिमानाने सांगतो ते लेखन वृत्तपत्राला पाठविलेल्या पत्रांच्या रूपाने अवतरले. आपल्या समाजाच्या आळसाची, अज्ञानाची आणि दंभाची इतकी निर्भीड झडती एका सरकारी नोकराने घ्यावी आणि एका संपादकाने ती अंकामागून अंक छापावी, यात दोघांचेही धैर्य सारखेच होते. पत्रलेखकाला जागा देणारा संपादक नसता, तर लोकहितवादी कदाचित दफ्तरातच राहिले असते. संपादकाच्या या औदार्याचे श्रेय आपल्या वाङ्मयेतिहासात पुरेसे नोंदले गेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर पत्र काढणे हा कायद्याच्या चौकटीतला व्यवहार झाला. १८६७ च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांनी मॅजिस्ट्रेटसमोर जबानी देऊन आपले नाव आणि ठिकाण नोंदविणे बंधनकारक केले, आणि प्रत्येक अंकावर, हे पत्र अमुक छापखान्यात अमुक यांनी छापून अमुक घरात प्रसिद्ध केले, अशी ओळ छापणे प्राप्त झाले. ती बारीक टाइपातील ओळ वाचक सहसा वाचत नाही. परंतु शिक्षा व्हावयाची तर कोणाला व्हावयाची, जामीन मागावयाचा तर कोणाकडे मागावयाचा, हे सरकारला तीच ओळ सांगत असे. १९१० च्या कायद्याने छापखान्याकडून आणि पत्राकडून रोख जामीन मागण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला, आणि मग अनेक लहान पत्रांचे आयुष्य जामिनाच्या रकमेवर लोंबकळू लागले. हा कायद्याचा जाच अन्यायाचा होता यात शंका नाही; परंतु मताखाली नाव आणि पत्ता असलाच पाहिजे, ही जी शिस्त त्यातून अंगवळणी पडली ती मात्र जतन करण्यासारखी होती.

या दीर्घ प्रवासात जे निरनिराळे संप्रदाय उत्पन्न झाले, त्यांपैकी पहिला एकलेखकी पत्रांचा होय. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. मासिकाचा विषय तेच ठरवीत, मजकूर तेच लिहीत, आणि त्याचे भले-बुरे परिणामही तेच सोशीत. एका माणसाच्या अभिरुचीने आणि अभिनिवेशाने आरंभापासून अखेरपर्यंत भारलेले असे पत्र मराठीने पूर्वी पाहिले नव्हते. त्यात भाषेचे जे तेज आहे ते आजही निर्विवाद आहे. लोकहितवादी आणि फुले यांच्यावर त्यांनी जो प्रहार केला त्यातील अन्यायही आज तितकाच स्पष्ट दिसतो. एकलेखकी पत्राचे बळ आणि त्याचा धोका ही दोन्ही एकाच ठिकाणी पाहावयाची असतील, तर 'माले'इतके उत्तम उदाहरण नाही. फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'चे दोन अंक काढून पंडिता रमाबाई आणि ताराबाई शिंदे यांची बाजू उचलून धरली, तेव्हा त्यांनीही स्वतःच्या हाताने स्वतःच्या मताला व्यासपीठ उभारून दिले. आगरकरांचा मार्ग याहून कठीण होता. 'केसरी'चे ते पहिले संपादक. परंतु सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतभेद विकोपाला गेले तेव्हा १८८७ साली त्यांनी ते पद सोडले, आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. दुसऱ्याच्या पत्रात आपले मत मुरड घालून छापण्यापेक्षा आपल्या पत्रात ते अखंड छापावे, मग वर्गणीदार कमी मिळोत आणि हयातीतच आपल्या प्रेताची यात्रा निघो, हा त्यांचा निश्चय होता. तशी यात्रा पुण्याच्या रस्त्यांतून खरोखरच निघाली. पुढे एकहाती पत्र चालविणाऱ्या प्रत्येकाने, त्याला आगरकर मान्य असोत वा नसोत, या निश्चयाचाच वारसा चालविला.

दुसरा संप्रदाय, ज्यांना कोणत्याच पत्रात जागा नव्हती त्यांनी स्वतःची जागा निर्माण करण्याचा. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' काढला. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालविला, आणि नंतरच्या काळात तानूबाई बिर्जे यांनी त्याचे संपादन सांभाळले. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली 'दीनमित्र' सुरू केला. नगर जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून त्यांनी तो अनेक दशके चालविला. शहराच्या आश्रयावाचून खेड्यात छापखाना घालून साप्ताहिक चालते, हे त्यांनी करून दाखविले, म्हणून ग्रामीण भागातील प्रत्येक होतकरू संपादकाने मुकुंदरावांचे चरित्र प्रथम वाचावे असे मी आग्रहाने सुचवितो. ३१ जानेवारी १९२० रोजी आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला, आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत'. या दुसऱ्या पत्राचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरून काढावे लागत, कारण लिहू शकणारे सहकारी थोडे होते आणि वाट पाहण्यास वेळ नव्हता. एकलेखकी पत्र येथे हौसेचे राहिले नाही. ते एका समाजाच्या आत्मसन्मानाचे साधन झाले.

तिसरा संप्रदाय प्रश्नोत्तरांचा. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य'. जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत कर्वे यांनी हे मासिक चालविले. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, स्त्रीपुरुषसंबंध हे विषय घरात उच्चारण्याचीही सोय नव्हती अशा काळात वाचक त्यांना पत्राने प्रश्न विचारीत, आणि ते शास्त्राच्या आधारे, आडपडदा न ठेवता, छापील उत्तर देत. १९३४ साली त्यांच्यावर जो अश्लीलतेचा खटला भरण्यात आला, त्याचे मूळ वाचकांच्या अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत होते, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. कर्वे यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. वाचक खऱ्या अडचणीपोटी प्रश्न विचारतो आणि जाणकार त्याला खरे उत्तर देतो, यात अश्लील ते काय, हा त्या बचावाचा गाभा होता. कोर्टाला तो पटला नाही आणि कर्वे यांना दंड झाला. दंड भरून त्यांनी मासिक पुढे चालू ठेवले. ज्या माणसाला स्वतःच्या मतासाठी शिक्षा होते त्याचे कौतुक आपण करतोच. येथे मात्र एका माणसाला वाचकाच्या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाही म्हणून शिक्षा झाली. वाचकाशी संपादकाचे नाते किती गंभीर असू शकते, याचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही.

चौथा संप्रदाय आमच्या अगदी शेजारचा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलनजीकच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. तेथे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. नांगर आणि चरकाच्या गिऱ्हाइकांपर्यंत कारखान्याची वार्ता पोहोचविणारे ते लहानसे गृहपत्र पाहता पाहता महाराष्ट्रातील विचारी मध्यमवर्गाचे मासिक बनले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध त्यातून प्रसिद्ध झाले, आणि वाचकांच्या घराघरांत वादाला तोंड फुटले. १९३० साली 'स्त्री' निघाले, आणि त्याच्या पानांतून सामान्य घरांतील बायकांनी शिक्षण, विवाह, सासर, अर्थार्जन यांविषयी आपले अनुभव लिहिले. दिवसाकाठी थोड्या गाड्या थांबणाऱ्या रेल्वे-स्टेशनाच्या गावातून टपालाचे गठ्ठे सबंध महाराष्ट्रात जावेत आणि परतीच्या टपालाने मुंबई-पुण्याची पत्रे या माळावर यावीत, हे पाहिले म्हणजे मताला राजधानी लागते ही समजूत निराधार ठरते.

पाचवा संप्रदाय स्वातंत्र्योत्तर काळातला, आणि त्याच्या दोन शाखा आहेत. एक शाखा बंडखोर अनियतकालिकांची. १९५५ च्या आसपास 'शब्द', १९६३ साली अशोक शहाणे यांचे 'असो', आणि पुढे राजा ढाले प्रभृतींची सायक्लोस्टाइलवर निघालेली पत्रे यांनी प्रस्थापित मासिकांना आव्हान दिले. १९६९ साली 'सत्यकथा' या प्रस्थापित मासिकाच्या अंकाची जी होळी झाली ती या असंतोषाची परिसीमा. स्टेन्सिल कापण्यापुरते पैसे आणि सांगण्यासारखे काहीतरी, एवढ्या भांडवलावर पत्र निघते, हे या पिढीने सिद्ध केले. दुसरी शाखा शांत, विवेचक चर्चेची. वाईहून निघणारे 'नवभारत' हे तिचे एक पीठ. आणि १९९० साली दि. य. देशपांडे यांनी नागपुरात सुरू केलेला 'आजचा सुधारक' हे दुसरे. आगरकरांचे नाव घेऊन निघालेल्या या मासिकात वाचकांच्या पत्रसंवादाला लेखांच्या बरोबरीचे स्थान मिळाले, आणि कित्येक वाद अनेक अंकांपर्यंत, शिवीगाळीवाचून, चालले.

या सर्व परंपरेतून माझ्या मनाशी जो एक निष्कर्ष पक्का झाला आहे तो असा, की मत हे उत्तराला सामोरे गेल्यावाचून पूर्ण होत नाही. लेखणी धारदार असेल, हेतू शुद्ध असेल, अभ्यास सखोल असेल. तरीही ज्या पत्रात विरोधी वाचकाला जागा नाही ते पत्र हळूहळू आपल्याच प्रतिध्वनीवर पोसू लागते. म्हणून स्वमताचे पत्र काढणाराने तीन बंधने आपखुशीने पत्करली पाहिजेत. आपल्या नावाने लिहावे, हे पहिले. ठरल्या दिवशी लिहावे, हे दुसरे. कारण वाचकाचा विश्वास प्रतिभेपेक्षा नियमितपणावर अधिक बसतो. आणि जे उत्तर येईल ते प्रामाणिकपणे छापावे, हे तिसरे आणि सर्वांत अवघड.

खेड्यात हे तिसरे बंधन अधिकच अवघड होते. शहरातील संपादकाला त्याचा टीकाकार बहुधा भेटतही नाही. कडेगावच्या संपादकाला तो दूधसंस्थेत, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत आणि बांधावर रोज भेटतो. पाणीवाटपाविषयी एक परिच्छेद लिहिला तर भावकी दुखावते. शाळेविषयी लिहिले तर गुरुजी बोलेनासे होतात. या भीतीपोटी गावोगाव शहाणी माणसे गप्प बसतात, आणि बोलण्याचे काम ज्यांना परिणामांची पर्वा नाही अशांकडे जाते. परंतु याच गावात मोहरमचे उंच ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उभारतात आणि त्यांच्या भेटींचा सोहळा पाहावयास दुरून माणसे येतात. भेद असताना संबंध टिकविण्याची विद्या आम्हाला परकी नाही. ती लेखी व्यवहारात आणावयाची आहे. तोंडी वादात आवाज चढतो. कागदावर लिहावयास बसलेल्या माणसाला दुसऱ्याचे वाक्य पुन्हा एकदा वाचावे लागते, आणि पुष्कळदा त्या दुसऱ्या वाचनातच रागाचा निम्मा भाग ओसरतो.

आज हा विषय निकडीचा होण्याचे कारणही येथेच आहे. मोबाईल घरोघरी आला, आणि मत दूरवर पोहोचविण्यास लागणारा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. छापखाना, खिळे, कागद, टपालखर्च, व्ही. पी.ने पाठविलेला अंक परत येण्याची धास्ती, या ज्या अडचणींनी आमच्या पूर्वजांची उमेद खाल्ली त्या आता राहिल्या नाहीत. पत्राची नोंदणीसुद्धा २०२३ च्या नव्या कायद्याने पुष्कळ सुलभ झाली. परंतु खर्चाबरोबर जबाबदारीही नाहीशी झाल्यासारखी दिसते. हातोहात फिरत आलेल्या मजकुराचा कर्ता कोण, तो कोठे राहतो, त्याला चूक दाखवावयाची असेल तर कोणाला लिहावे, याचा थांग लागत नाही. साधन वाढले असताना संवाद आटावा, ही आपल्या काळाची विपत्ती आहे, आणि तिच्यावर उपाय एकच: ज्यांच्या मताला नाव आहे, पत्ता आहे आणि उत्तर घेण्याची तयारी आहे, अशा माणसांची संख्या वाढविणे.

प्रस्तुत संग्रहाने आपल्यापुढे ठेवलेले कार्य यावरून स्पष्ट होईल. येथे वृत्तपत्रसृष्टीचा समग्र इतिहास दिलेला नाही. दैनिके, त्यांचे अर्थकारण आणि त्यांचे राजकारण हा वेगळा विषय आहे, आणि त्यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. येथे दृष्टी एका माणसावर आणि त्याच्या वाचकांवर खिळलेली आहे. एखाद्याने पत्र का काढले, ते कसे चालविले, कोणत्या पत्रलेखकाने त्याला अडविले, आणि त्या अडवणुकीनंतर त्याचे मत सुधारले की ताठरले, हे शोधण्याचा येथे प्रयत्न आहे. गौरव हा त्याचा हेतू नाही. म्हणून ज्या थोर संपादकांनी प्रतिपक्षावर अन्याय केला त्यांच्या अन्यायाचीही चर्चा येथे आढळेल. आणि या ऐतिहासिक विवेचनाला जोडूनच, आज नव्याने लिहू पाहणाराला उपयोगी पडेल असा व्यवहारही येथे सांगितलेला आहे.

त्या व्यवहारातील एका बाबीकडे मी वाचकाचे लक्ष विशेषेकरून वेधतो, कारण ती दिसावयास क्षुल्लक असून परिणामाने मोठी आहे. वाचकाचे विरोधी पत्र छापून त्याच्याच खाली, त्याच अंकात, संपादकाने आपले खंडन जोडावयाचे, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. पत्रलेखकाला एक महिना थांबावे लागले, आणि संपादकाला मात्र एका क्षणात शेवटचा शब्द मिळाला. शिवाय त्याचे पत्र काटछाट करून छापले असेल तर त्याची बाजू आधीच लंगडी झाली. या संग्रहात सुचविलेला नियम असा, की विरोधी पत्र होता होईल तो संपूर्ण छापावे, त्याखाली काहीही जोडू नये, आणि संपादकाला जे सांगावयाचे असेल ते त्याने पुढील अंकात सांगावे. वस्तुस्थितीची चूक कोणी दाखवून दिली, तर तिची दुरुस्ती जेथे चूक झाली त्याच पानावर, तितक्याच ठळकपणे द्यावी. एवढे दोन नियम पाळणारे चार पानांचे पत्रही आपल्या तालुक्यातील सार्वजनिक जीवनाची पातळी उंचावू शकेल, असा माझा दृढ विश्वास आहे.

ज्या तरुण-तरुणींच्या हाती हा संग्रह पडेल, त्यांना मोठे विषय शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. टेंभूच्या पाण्याचे न्याय्य वाटप, ऊसतोडणीला आलेल्या मजुरांच्या मुलांची शाळा, वाड्यावस्त्यांवरील मुलींचे कॉलेजला जाणे, डोंगरावरील वनसंपत्तीची राखण, यांपैकी कोणताही विषय घ्यावा. त्याची कागदपत्रे तहसील कचेरीतून मागवावीत, शिवारात जाऊन पाहावे, आपले मत नावानिशी लिहावे, आणि लेखाच्या अखेरीस वाचकाला आपला पत्ता द्यावा. पहिले विरोधी पत्र येईल तेव्हा मन खट्टू होईल, हे खरे. परंतु आपल्या मजकुरासाठी कोणीतरी आपला वेळ खर्च केला, तो नीट वाचला आणि त्यातील उणीव दाखविण्याचे कष्ट घेतले, याचा तो पुरावा असतो. ते पत्र छापण्याचे ज्याने ठरविले, तो त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने संपादक झाला.

कडेगाव